मांडून दिलेलं घर

काही वर्षं माझं काम लोकांची घरं मांडून द्यायचं होतं. पुलाखाली, बसस्टँडवर, घाटावर राहणाऱ्या माणसांना आमचं कार्यालय आधी निवाऱ्यात आणायचं. त्यातल्या म्हाताऱ्या, आजारी, मागेपुढे कुणी नसलेल्यांपैकी एखाद्याला घरकुलात खोली मिळायची. पण नुसती खोली देऊन भागत नाही. रिकाम्या चार भिंतींत माणूस टिकत नाही, थोड्या दिवसांत उठून परत जुन्या जागी जाऊन बसतो. म्हणून स्थानिक निधीतून एक छोटं अनुदान सुरू झालं होतं. ते रोख मिळायचं नाही, वस्तूंच्या रूपात मिळायचं. खाट, गादी, उशी, चादर, शेगडी, भांडी, बादली. मी कंत्राटी कर्मचारी. टेम्पोबरोबर जायचं, खोली लावून द्यायची, कार्यालयासाठी फोटो काढायचा आणि पुढे काही महिने अधूनमधून डोकावून माणूस रुळलं का ते पाहायचं.

मला ते काम आवडायचं. रिकाम्या खोलीत पहिली बादली ठेवली, की खोलीचा आवाज बदलतो. आपण बोललेलं आधी भिंतीवर आपटून परत येतं, मग येईनासं होतं. बहुतेकांचे डोळे भरायचे. एका लंगड्या माणसानं तर कुलूप-किल्ली हातात घेऊन दार नुसतंच उघडलं, लावलं, उघडलं, लावलं, आणि लहान मुलासारखा हसला होता.

जिच्याबद्दल सांगते आहे ती बाई मात्र हसली नाही, रडलीही नाही.

रामकुंडाच्या पायऱ्यांवर ती बरीच वर्षं बसत होती. निवाऱ्यात सगळे तिला आजी म्हणत, पण ती तितकी म्हातारी नसावी. उन्हानं आणि उपासानं लवकर सुकलेली. बोलायची फार कमी. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र सतत एकमेकांवर घासत असायची, डावा हात गोल फिरायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, ही हवेतून काहीतरी ओढते आहे आणि गुंडाळते आहे. निवाऱ्यात येणाऱ्या डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. कधीकाळी डोकं बिघडलं असेल, आता ठीक आहे, म्हणाले. सातपूरच्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला घरकुलाच्या इमारती आहेत, तिथं वरच्या मजल्यावर तिला खोली मिळाली.

इमारत अर्धी रिकामीच होती. वरच्या मजल्यावर तर तिच्याखेरीज कुणी नव्हतं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं आणि टोकाला जाळीतून येणारा उजेड. मागे पत्रे दाबायच्या यंत्रांचा आवाज दिवसभर चालायचा. धप्प, मग थोडं थांबून पुन्हा धप्प. भिंतीला हात लावला तर तो हाताला कळायचा.

आम्ही सामान लावलं. खिडकीशी खाट, तिच्यावर गादी, उशी, घडी घातलेली पांढरी चादर. पावसाळा तोंडावर होता म्हणून आमच्या साहेबांनी हौसेनं एक काळी छत्री आणि नव्या चपला जास्तीच्या घातल्या होत्या. विजेचं मीटर अजून बसलं नव्हतं, म्हणून बॅटरीवर चालणारा दिवा. तांब्या, भांडं, ताट. एक पातळ. एका पिशवीत तांदूळ, डाळ. छत्री खाटेला टेकवली, चपला खाटेखाली जोडीनं ठेवल्या, दिवा उशाशी. खोली छान दिसत होती. छानच दिसत होती, पण मला तिथं क्षणभर कसंतरी झालं. आपण हे आधी कुठंतरी पाहिलंय असं वाटलं आणि ते पाहिलेलं आवडलेलं नव्हतं, एवढंच आठवलं.

आजी उंबऱ्याबाहेर उभी होती. तिनं एकेक वस्तू पाहिली. मग हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

टेम्पोवाला म्हणाला, "कुणी नाही गेलं आजी, सगळे इथंच आहेत."

"मग हे कोणाचं?"

"तुमचंच की," मी म्हटलं. "या आत. फोटो काढू."

ती आत आली, खाटेपाशी उभी राहिली. मी फोन धरला. कार्यालयात येऊन पाहिलं, तर फोटोत खाट होती, छत्री होती, दिवा होता. ती नव्हती. कडेला तिच्या पदराचा धूसर काठ तेवढा. मी बटण दाबताना ती निसटली असणार. दुसरा फोटो काढला होता, त्यातही तसंच. साहेब म्हणाले, "अहो, लाभार्थी कुठाय?"

पुढच्या वेळी गेले तेव्हा तळमजल्यावरून जिना चढताना मधल्या मजल्यावरच्या बाईनं मला अडवलं. आजीच्या खोलीच्या बरोबर खाली ती राहायची. दारातच शिलाई मशीन मांडून साड्यांना फॉल-पिको करायची. नवरा कारखान्यात पाळीला जायचा. इमारतीत सगळे तिला आपा म्हणत.

"ताई, ती वरची खोली तुम्ही दिली ना? कुणाला दिली? वर तर कुणी राहतच नाही."

"राहतात की. एक आजी आहेत."

"मी दिवसभर इथंच बसलेली असते," आपा म्हणाली. "वर कुणी चाललं तर कळतं, बादली सरकवली तर कळतं. पाणी सांडलं तर माझ्या मोरीच्या पाइपात आवाज येतो. काही म्हणजे काही नाही." मग म्हणाली, "फक्त दुपारचं एक चाक फिरतं. घर्र घर्र. चरख्यासारखं. मला आधी वाटलं पंखा असेल."

"पंखा नाही दिलेला. आणि लाइट कुठंय अजून?"

"तेच तर," आपा म्हणाली आणि तिनं मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं.

मी वर गेले. दार उघडं होतं. खोली आम्ही लावली होती तश्शी होती. गादीवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. चादरीची घडी मोडलेली नव्हती. चपला जोडीनं, छत्री टेकवलेली. तांदळाच्या पिशवीची गाठही तीच, मी मारलेली. सगळ्यावर धुळीचा एक बारीक थर. मला वाटलं, गेली ही, परत घाटावर गेली. मग मागे वळले तर ती दाराच्या पाठीमागे, भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसलेली. माझ्याकडेच बघत होती. मी आत आले तेव्हापासून बघत असणार.

"आजी! दचकले ना मी. इथं का बसलात?"

"मग कुठं बसू?"

"खाटेवर. गादी आहे. झोपता कुठं तुम्ही?"

"हितंच. दाराशी."

"आणि जेवण?"

"गुरुद्वाऱ्यात जाते. कधी देवळात."

"तांदूळ आहेत, शेगडी आहे."

"ते तिचं हाय," ती म्हणाली. "मला शिवायचं नाय ते."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिथून खोली पाहिली. जमिनीवरून, दाराच्या कोपऱ्यातून, ती जशी पाहत होती तशी. खाट, गादी, पांढरी चादर. उशाशी दिवा. छत्री, चपला, पातळ, तांब्या-भांडं, शिधा. आणि मग मला आठवलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्याला हेच सगळं आम्ही मांडलं होतं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल ते ते. उन्हासाठी छत्री, काट्यांसाठी चपला, अंधारासाठी दिवा, निजायला अंथरूण. शय्यादान. सगळं नवं, कुणी न वापरलेलं. गुरुजींना दिलं की ते गेलेल्याला पोचतं, असं म्हणतात. ती खाट पाहून माझी मुलगी तेव्हा आतल्या खोलीत पळाली होती.

भिंतीतून धप्प आवाज आला आणि मी उठून उभी राहिले.

"आजी, हे तसलं नाही हो. हे सरकारी आहे."

"ठाऊक हाय मला," ती शांतपणे म्हणाली. "पण मला ते एकदा देऊन झालंय."

मग तिनं सांगितलं. इतकी वर्षं घाटावर किंवा निवाऱ्यात कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दुपारी मला का सांगितलं ते माहीत नाही. हात हवेत तसेच गुंडाळत होते.

ती येवल्याकडची. घरात माग होता, नवरा पैठणी विणायचा, ती रेशमाच्या कांड्या भरायची. चाक फिरवायचं आणि चिमटीतून धागा सोडायचा, दिवसभर. पहिला मुलगा झाला, मोठा होत होता. दुसरं मूल पोटातच गेलं आणि तिचं डोकं फिरलं. "मला धागा दिसंना. चाक दिसायचं, धागा दिसायचा नाय." एक दिवस ती घरातून निघाली आणि एसटीत बसली. पुढचं तिला सलग आठवत नव्हतं. कुठली कुठली गावं, एक बायकांचा आश्रम, गोळ्या, इंजेक्शनं. पुष्कळ वर्षांनी एका सकाळी उठली तर डोकं स्वच्छ. पाणी निवळावं तसं. घर आठवलं, मुलाचा चेहरा आठवला. आश्रमातून निघाली, विचारत विचारत नाशिकपर्यंत आली. येवला तिथून किती लांब! पण अंगावर फाटकं पातळ होतं, केस कापलेले होते. जरा घाटावर आंघोळ करावी, बसावं, मग जावं, असं तिनं ठरवलं.

आणि ती घाटावर असतानाच एके दिवशी तिचा मुलगा आला.

"ओळखला मी. बापाची चाल होती. मागं दीर होता, म्हातारा झालेला. एक बाई होती, ती सून असणार. मी सून पयल्यांदा पाहिली ती तिथंच. मी म्हटलं, मला शोधायला आले. उठले बी होते मी. तेवढ्यात गुरुजींनी नाव घेतलं."

"कुणाचं?"

"माझं."

माणूस बरीच वर्षं सापडलं नाही, की पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि पुढचे विधी करतात. ती मंडळी तिचे करायला आली होती. ती पायऱ्यांवर, त्यांच्या वरच्या बाजूला, बसून राहिली. तिच्या मुलानं तिचं पिंडदान केलं. मग सगळे बाजूला सरकले आणि कावळ्याची वाट पाहू लागले. कावळे होते, समोरच्या कठड्यावर रांगेनं बसले होते. एकही खाली येईना. दीर हात जोडून म्हणाला, वहिनी, पोराचं लग्न झालं, सगळं चांगलं आहे, काळजी करू नका. सून म्हणाली, आत्याबाई, मी घर सांभाळीन. मुलगा काहीच बोलला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

"खरा कावळा कसा शिवंल?" ती म्हणाली. "त्याला दिसत व्हते मी."

नंतर खाट मांडली. गादी, उशी, छत्री, चपला, दिवा.

"तुम्ही हाक का नाही मारली?" मी विचारलं.

"सगळं इतकं नीट चाललं व्हतं, ताई. सुनेनं नवं पातळ नेसलेलं. पोरगं एवढ्या उन्हात बसलेलं. सगळं उरकून ते उठले आणि त्यांचे चेहरे कसे हलके झाले. मधेच मी उठून काय सांगू?" मग म्हणाली, "आणि खरं सांगू? नाव घेतल्यावर मला बी वाटलं, की मी गेले. तवापासून तसंच वाटतं. पाऊल टाकते, पण वाजत नाय."

त्या दिवशी जिना उतरताना मी कठडा घट्ट धरून उतरले. खाली आपाच्या दारात बसले, तिनं पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित, पण ते एकटीनं घेऊन घरी जाणं मला शक्य नव्हतं.

आपानं तोंडात धरलेली सुई काढली. "म्हणजे सामान नवं आहे म्हणून भानगड आहे," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला नवं देतात. जित्या माणसाच्या घरात जुनंच असतं. माझ्या घरात बघा, एक वस्तू धड आहे का?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माझी खाट घे म्हणावं, तिची मला दे. दोरीची आहे, मधे खोल गेलीय, पण माझी तीन बाळंतपणं झालीत तिच्यावर."

दुसऱ्याच दिवशी आम्ही ते केलं. आपाची खाट वर गेली, नवी खाट खाली आली. मग शेजारच्या बायकांना कळलं आणि त्याही आल्या. कुणी पोचे आलेलं पातेलं आणलं, कुणी कान तुटलेली कढई, कुणी ठिगळांची गोधडी. नवी गादी एकीच्या आजारी सासऱ्याकडे गेली, त्याची चपटी झालेली गादी वर आली, तिच्यावर चहाचा डाग होता. छत्री आपाच्या नवऱ्यानं नेली आणि वाकडी काडी असलेली आपली दिली. चपला कुणाच्या पायात गेल्या ते मला माहीत नाही. तांदूळ सगळ्यांत वाटला आणि प्रत्येकीनं आपल्या डब्यातला मूठ-मूठ आणून आजीच्या डब्यात टाकला. जाड, बारीक, तुकडा, सगळा एकत्र.

आजी बोळात उभी राहून हे पाहत होती. सगळं झाल्यावर ती आत गेली, आपाच्या खाटेवर हात ठेवला, दाबला. खाट कुरकुरली. ती आवाज ऐकल्यासारखी थांबली. मग बसली.

नियमानं हे चालणारं नव्हतं. दिलेल्या वस्तू विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, असं होतं. साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी दारातूनच विचारलं, "हे काय? आपलं सामान कुठंय?" मी म्हटलं, इमारतीतच आहे सर. आणि मग त्यांना खरं ते सांगितलं, सगळं नाही, जितकं सांगण्यासारखं होतं तितकं. मग त्यांनी स्वतःच फोन काढला आणि आजीला म्हणाले, बसा नीट. त्या फोटोत ती आली. डोळे मिटलेले, पण आली.

तरी सगळं ठीक झालं असं म्हणता येणार नाही. ती खाटेवर झोपू लागली, भात शिजवू लागली. पण एका दुपारी मी आपाकडे बसले होते, आजीही खाली आलेली होती. आपा तिला मशीन कशी चालते ते दाखवत होती. आम्ही तिघी तिथं होतो. आणि वर चाक फिरायला लागलं.

मी पहिल्यांदाच ऐकत होते. घर्र घर्र, मग क्षणभर थांबायचं, धागा तुटल्यावर जोडायला थांबावं तसं, मग पुन्हा घर्र घर्र. आपाचा हात मशीनवर तसाच राहिला. मागच्या यंत्रांचा धप्प आवाज चालूच होता, त्यामुळे हा वेगळा आहे यात शंका नव्हती. मी आजीकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर स्वस्थ पडलेले होते. इतक्या महिन्यांत मी ते पहिल्यांदाच स्वस्थ पाहत होते.

"आजी, वर कोण आहे?"

तिनं छताकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती कामाची व्हती," म्हणाली. "रिकामं बसवत नाय तिला."

मी वर जाऊन पाहिलं नाही. आपाही नाही गेली. पाण्याच्या पाइपातून किंवा कारखान्यातल्या कुठल्या पट्ट्यावरून तसा आवाज येत असेल, असं नंतर माझा नवरा म्हणाला. असेल.

भाद्रपद आला. सर्वपित्री अमावास्येच्या आधी आजीनं मला विचारलं, "ताई, माझ्यासंगं घाटावर येशील? तो येतो दरवर्षी." ज्यांच्या जाण्याची तिथी ठाऊक नसते त्यांचं सर्वपित्रीला करतात. तिचा मुलगा दरवर्षी त्या दिवशी यायचा आणि ती दरवर्षी वरच्या पायरीवर बसून पाहायची.

सकाळी आम्ही सिटी बसनं गेलो. घाटावर उभं राहायला जागा नव्हती. माणसं, पत्रावळी, ओल्या धोतरांचा वास, गुरुजींचे एकात एक मिसळलेले आवाज. प्रत्येक जण कुणाचं तरी नाव घेत होता. इतकी नावं एका वेळी हवेत होती, की मला वाटलं, ज्यांची आहेत ती सगळीच इथं उभी असतील तर धक्का लागल्याशिवाय चालता येणार नाही. आजी माझा हात धरून त्यातून अलगद चालली, कुणाला न लागता.

"तो बघ," ती म्हणाली.

कानाजवळ केस पिकलेला, मध्यम वयाचा माणूस. एकटाच आला होता. त्यानं सगळं केलं. गुरुजींनी नाव घेतलं, मी ते ऐकलं, आणि माझ्या हातातला तिचा हात गार पडला. पिंड ठेवला. तो मागे सरकला. कावळे कठड्यावर होते. कुणी येईना.

मी तिच्या कानाशी म्हटलं, "हाक मारू?"

तिनं मान हलवली. तिचे ओठ हलत होते. मला ऐकू आलं ते एवढंच, "जा बाई आता. तुझं झालं. जा."

एक कावळा उतरला, वाकडी मान करून त्यानं पाहिलं, आणि पिंडाला चोच लावली.

तो माणूस तिथंच मटकन बसला. गुरुजी म्हणाले, "चला, शिवला!" त्यानं तोंडावरून ओला हात फिरवला. मग उठला, पिशवी उचलली आणि पायऱ्या चढू लागला. आमच्याकडेच येत होता. मी बाजूला व्हायला लागले, पण आजी हलली नाही. पायऱ्यांवर दान घ्यायला बसलेल्या इतर बायकांच्या रांगेतून तो पुढे आला आणि तिच्यासमोर थांबला. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं पुडकं काढलं.

"मावशी, माझ्या आईच्या नावाचं आहे. घ्या."

तिनं दोन्ही हातांनी घेतलं. "पोचलं," ती म्हणाली.

तो गेला नाही. तिच्या हातांकडे पाहत राहिला. पुडकं धरलेल्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता.

"तुम्ही कुठल्या?" त्यानं विचारलं.

आजीनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. आवाज अगदी साधा होता तिचा.

"सातपूरची. तिथं घर हाय माझं."

त्यानं मान डोलावली. अजून काही विचारील असं वाटलं, पण मागून माणसांचा लोंढा आला आणि तो त्याबरोबर वर गेला. वळून पाहिलं का ते मला दिसलं नाही.

बसमध्ये ती पुडकं मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर ती आधी आत गेली आणि मला म्हणाली, "ये ना आत, बस." इतक्या महिन्यांत तिनं मला कधी या म्हटलं नव्हतं. मी खाटेवर बसले. तिनं कागद सोडला.

मला वाटलं होतं दानाचं स्वस्त, नवं पातळ असेल. आत जुनं सुती लुगडं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, काठ विटलेला, पदराशी एक बारीक रफू. तिनं ते नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं. मग रफूवर बोट ठेवून म्हणाली, "हे मी केलंय."

दानाला कुणी जुनं लुगडं देत नाही. घरातली पेटी रिकामी करायची असेल, सुनेनं म्हटलं असेल देऊन टाका, असंही असू शकतं. मी तिला विचारलं नाही. दोन दिवसांनी आपाचा फोन आला, की आजी ते लुगडं नेसून खाली पाण्याच्या नळावर भांडते आहे, बादली पुढे कुणी घेतली म्हणून, आणि तिचा आवाज सगळ्या इमारतीत ऐकू येतोय.

माझं कंत्राट त्याच वर्षी संपलं. पण पुढच्या सर्वपित्रीला मी मुद्दाम सुट्टी काढली आणि आम्ही दोघी पुन्हा घाटावर गेलो, त्याच पायरीवर बसलो. सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी हाका मारत होते, माणसं येत होती, जात होती. तो आला नाही. दुपार टळल्यावर मी म्हटलं, गाडी उशिरा असेल, अजून थांबू.

ती कठड्यावरच्या कावळ्यांकडे बघत होती. मग तिनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. भात होता, वरण, गवारीची भाजी.

"नाय येत तो आता," ती म्हणाली. "जेव. गार व्हतंय."